फिल्म मेकिंगची पदवी कुठून घ्यावी? प्रवेशाआधी काय मोजायचं, काय विचारायचं

फिल्म मेकिंगचा अभ्यासक्रम निवडताना बहुतेक घरांत चर्चा होते ती फी, नाव आणि ‘पुढे नोकरी लागते का’ या तीन गोष्टींची. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण चौथा प्रश्न जवळपास कुणी विचारत नाही, आणि निवड खरं तर त्याच्यावर व्हायला हवी: तीन वर्षांत कॅमेरा, एडिटिंगचं मशीन आणि माइक प्रत्यक्ष तुमच्या हातात किती दिवस असणार? सिनेमा हाताने शिकायची गोष्ट आहे. वर्गातली व्याख्यानं कितीही चांगली असली तरी चुकलेला शॉट एडिटिंगला बसून स्वतः पाहिल्याशिवाय पुढचा शॉट सुधारत नाही.

बारावीनंतर की पदवीनंतर?

हा निर्णय सगळ्यात आधी घ्या, कारण बाकीची यादी त्यावरून ठरते.

पुण्यातल्या मुलांच्या मनात पहिलं नाव येतं ते एफटीआयआयचं, म्हणजे लॉ कॉलेज रोडवरच्या भारतीय चित्रपट आणि टेलिव्हिजन संस्थेचं. ‘प्रभात’च्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली ती सुरू झाली. तिथल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी अशा तीन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवीधर असणं आवश्यक असतं, बारावीनंतर थेट प्रवेश मिळत नाही. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेचंही तसंच. म्हणजे या दोन सरकारी संस्था डोक्यात असतील तर बारावीनंतर एखादी साधी, कमी फीची पदवी करायची आणि ती तीन-चार वर्षं तयारीला वापरायची. हा मार्ग आम्हाला बहुतेक मध्यमवर्गीय घरांसाठी सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. फर्ग्युसन, स. प., मॉडर्न अशा महाविद्यालयांत साहित्य, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र काहीही शिका. सिनेमाला सांगण्यासारखं काहीतरी लागतं आणि ते बहुधा सिनेमाबाहेरच्या विषयांतून येतं.

एक अट आधीच पाहून ठेवा. एफटीआयआयच्या ध्वनी विभागासाठी बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट अनेक वर्षं राहिली आहे. कला दिग्दर्शनाला उपयोजित कला, चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला, इंटिरियर डिझाइन अशा विषयांची पार्श्वभूमी मागतात. अकरावीला शाखा निवडताना हे माहीत नसलं, तर पदवी हातात आल्यावर दार बंद दिसतं आणि मागे फिरता येत नाही. रंगांधळेपणामुळे मात्र आता मागे सरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एफटीआयआयला सगळे अभ्यासक्रम रंगांधळ्या उमेदवारांसाठी खुले करायला सांगितलं आहे.

बारावीनंतर थेट सिनेमाच शिकायचा असेल तर पुण्यात आणि आसपास पर्याय आहेत. लोणी काळभोरला एमआयटी-एडीटी विद्यापीठाचं फिल्मचं स्वतंत्र स्कूल आहे. विमाननगरला सिम्बायोसिसचं माध्यम केंद्र आहे. तिथे जनसंज्ञापनाच्या पदवीत दृक्-श्राव्य हा एक भाग म्हणून शिकता येतो, प्रवेश सिम्बायोसिसच्याच ‘सेट’ या प्रवेश परीक्षेतून होतो. मुंबईत गोरेगावच्या चित्रनगरीत व्हिसलिंग वुड्स ही खासगी फिल्म संस्था आहे. चेन्नईची एमजीआर शासकीय संस्था बारावीनंतर चार वर्षांची पदवी देते. पदवीनंतरच्या यादीत दिल्लीचं जामिया मिलियाचं जनसंज्ञापन केंद्र, अहमदाबादच्या एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्था) फिल्म आणि व्हिडिओ विभाग, आणि घराजवळ म्हणायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा माध्यम विभाग येतो.

इथे एक फरक नीट ओळखा. ‘मास कम्युनिकेशन’ आणि ‘फिल्म मेकिंग’ हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. पहिल्यात पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क आणि थोडा व्हिडिओ असतो. सिनेमाच करायचा असेल तर सहाही सत्रांचा विषयवार आराखडा मागवा आणि पटकथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या चार विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) एकूण श्रेयांकांच्या किती टक्के आहेत ते काढा. निम्म्याहून कमी निघाले तर तो माध्यमांचा अभ्यासक्रम आहे, सिनेमाचा नाही. माध्यमांत काम करायचं असेल तर तो उत्तमच, पण डोळे उघडे ठेवून घ्या.

कागद कोण देणार?

यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने तो अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. एखादी अकादमी ‘आमची स्वतःची डिग्री’ म्हणत असेल तर तिथेच थांबा.

जास्त फसवणूक होते ती मधल्या प्रकारात. शहरात एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर संस्था असते आणि पदवी मिळते दुसऱ्याच राज्यातल्या खासगी विद्यापीठाची. खासगी विद्यापीठांना महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत, आणि फ्रँचायझी पद्धतीने अशी केंद्रं चालवायला यूजीसीची परवानगी नाही. म्हणून तीन गोष्टी तपासा: विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत आहे का, वर्ग भरतो तो पत्ता त्या विद्यापीठाचा स्वतःचा आहे का, आणि पदवीचं नाव यूजीसीने अधिसूचित केलेल्या पदव्यांपैकी आहे का. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करते, तीही एकदा नजरेखालून घाला. संलग्नता तोंडी सांगितली तर लेखी पत्राची प्रत मागा. खरं असेल तर ते पत्र दाखवायला कुणाला अडचण नसते.

पदवीच हवी, की पदविका चालेल? सेटवर काम मागताना गुणपत्रिका कुणी पाहत नाही, केलेलं काम पाहतात. पण पुढे प्राध्यापकी करायची असेल, परदेशात मास्टर्सला जायचं असेल, सरकारी जागेसाठी अर्ज करायचा असेल किंवा शैक्षणिक कर्ज हवं असेल, तर पदवीला वजन आहे. पदविका घेत असाल तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजने तिला समकक्षता दिली आहे का ते विचारा. एफटीआयआय आणि सत्यजित राय संस्था या दोघींना २०२५ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे तुमच्या तुकडीला शेवटी नेमका कोणता कागद मिळणार, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच वाचा. जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेलं आता लागू असेलच असं नाही.

कॅमेरा-दिवस काढा

आता मुख्य हिशेब. माहितीपुस्तिकेत ‘अत्याधुनिक उपकरणं’ असं लिहिलेलं असतं. ॲरी या महागड्या कंपनीचा एक कॅमेरा काचेच्या कपाटात असणं आणि विद्यार्थ्याला तो नेता येणं यांत फार अंतर आहे. म्हणून पुढील आकडे विचारा: विद्यार्थ्यांना बाहेर नेता येतात असे चालू स्थितीतले कॅमेरे किती, एका तुकडीत विद्यार्थी किती, आणि तेच कॅमेरे किती तुकड्या वापरतात.

समजा, कॅमेरे ४, तुकडी ६० जणांची. सत्र १६ आठवड्यांचं, म्हणजे कामाचे ८० दिवस. परीक्षा, दुरुस्ती, गणपती-दिवाळी धरून २० दिवस वजा करा, उरले ६०. चार कॅमेऱ्यांचे झाले २४० कॅमेरा-दिवस. साठ जणांत वाटले की प्रत्येकी ४. आणि हेच कॅमेरे तीन वर्षांच्या तिन्ही तुकड्या वापरत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सत्रात सव्वा-दीड दिवस येतो. याउलट १२ जणांची तुकडी आणि तिच्यासाठी साधेच २ कॅमेरे असतील, तर तेवढ्याच काळात प्रत्येकी १० दिवस मिळतात. शिकणाऱ्याला सोनी किंवा ब्लॅकमॅजिकच्या साध्या कॅमेऱ्यावरचे दहा दिवस महागड्या कॅमेऱ्यावरच्या दीड दिवसापेक्षा कितीतरी जास्त देतात. एक्स्पोजर, लेन्स, फोकस आणि प्रकाश यांची समज कॅमेऱ्याच्या किमतीवर ठरत नाही.

विद्यार्थी गटाने शूट करतात, त्यामुळे सेटवरचे तुमचे दिवस याहून जास्त भरतील. पण गटात तुम्ही काय करणार ते विचारा. सहा जणांच्या गटात तीन वर्षं फक्त क्लॅप मारून पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं असतात. भूमिका आळीपाळीने बदलतात का, आणि त्याची नोंद ठेवली जाते का? आमचा ठोकताळा असा: तीन वर्षांत स्वतः दिग्दर्शित केलेली किमान तीन-चार पूर्ण कामं, आणि इतरांच्या कामांत वेगवेगळ्या भूमिकांत किमान दहा. ‘पूर्ण’ म्हणजे ध्वनी मिक्स झालेलं, रंगदुरुस्ती झालेलं, पडद्यावर दाखवलेलं. एडिटिंगला अर्धवट पडलेली फिल्म मोजू नका.

एडिटिंगसाठीही हाच हिशेब करा. मशीन किती, लॅब रात्री किती वाजेपर्यंत उघडी, वेळापत्रकात तास कसे लावतात? संध्याकाळी सहाला कुलूप लागत असेल तर घरच्या लॅपटॉपवर काम करावं लागणार, म्हणजे आणखी एक खर्च तुमच्या खात्यावर. त्यातच साठवणुकीचा खर्च येतो, जो सगळेच विसरतात. फोर-के प्रोरेस ४२२ एचक्यू, सेकंदाला २५ फ्रेम, या फॉरमॅटमध्ये तासाला साधारण ३३० जीबी लागतात. दहा मिनिटांच्या फिल्मसाठी आठपट फुटेज घेतलं तर ८० मिनिटं, म्हणजे सुमारे ४४० जीबी. तीन प्रती ठेवल्या तर १.३ टीबी. तीन प्रती ही चैन नाही. एकाच हार्ड डिस्कवर ठेवलेलं फुटेज डिस्क पडली की गेलं, आणि नटांच्या तारखा परत मिळत नाहीत. संस्थेचा सर्व्हर आहे का, की डिस्क तुम्ही आणायच्या?

विद्यार्थ्यांचं काम पाहताना आधी कान लावा

संस्था शोरील (निवडक कामाची झलक) दाखवते, तो सर्वोत्तम दोन-तीन विद्यार्थ्यांचा असतो. गुणी मुलगा कुठेही चांगली फिल्म करतो. त्यात संस्थेचा वाटा किती, हे शोरीलवरून कळत नाही. तुम्ही मागायचं ते गेल्या वर्षीच्या एका अख्ख्या तुकडीचं काम. पंधरा फिल्म असतील तर पंधराही. संस्थेने नाही दिलं तर विद्यार्थ्यांच्या यूट्यूब आणि व्हिमिओवर शोधा.

मग हेडफोन लावा. चित्र आजकाल फोनवरही चांगलं येतं, ध्वनी येत नाही. संवाद लांबून, पोकळ खोलीत बोलल्यासारखे येतात का? शॉट बदलला की पंख्याची किंवा रहदारीची घरघर अचानक बदलते का? संवादाच्या मागे सतत संगीत लावून दोष झाकलेत का? पंधरापैकी बारा फिल्ममध्ये हे सापडलं तर त्या संस्थेत बूम (लांब काठीवरचा माइक) धरायला आणि रूम टोन घ्यायला कुणी शिकवत नाही. रूम टोन म्हणजे खोलीतली नुसती शांतता. ती तीस सेकंद रेकॉर्ड करून घेण्याची सवय शिक्षक लावतात, उपकरणं लावत नाहीत. चित्रात पाहायचं तर रात्रीचे प्रसंग पाहा: अंधारात चेहरा वाचता येतो का, की सगळंच काळं किंवा सगळंच निळं आहे? प्रकाशयोजना शिकवली आहे की नाही, ते तिथे उघडं पडतं.

शेवटची श्रेयनामावलीही वाचा. छायाचित्रण, संकलन, मिक्सिंग बाहेरच्या व्यावसायिकांनी केलेलं असेल तर विद्यार्थ्याने फक्त पैसे उभे केले, असा त्याचा अर्थ होतो.

लांबीवरून अभ्यासक्रम हलका ठरवू नका. २०२४ साली कान महोत्सवाच्या ला सिनेफ या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळालेला लघुपट एफटीआयआयच्या एक वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमातून आला होता.

भेट द्या, पण साध्या दिवशी

‘ओपन डे’ला सगळं चकचकीत असतं. सत्राच्या मधल्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी परवानगी घेऊन जा. उपकरणांच्या खोलीपाशी थांबा आणि देवाणघेवाणीची वही पाहता येते का विचारा. वहीतल्या तारखा रोजच्या असतील तर उपकरणं फिरताहेत. शेवटची नोंद दीड महिन्यापूर्वीची असेल तर तुमचा कॅमेरा-दिवसांचा हिशेबही कागदावरच राहणार आहे. लाइट्सचे स्टँड झिजलेले, केबलवर चिकटपट्ट्या मारलेल्या दिसल्या तर खूश व्हा.

कॅन्टीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या तीन-चार विद्यार्थ्यांशी बोला, शक्यतो संस्थेने नेमून दिलेल्यांशी नको. विचारायचं ते असं:

– मागच्या सत्रात ठरलेली किती प्रॅक्टिकल्स झाली, किती पुढे ढकलली?
– पूर्णवेळ शिक्षक कोण, आणि आठवड्यातून किती तास वर्गात असतात?
– तुमच्या आधीची तुकडी वेळेत बाहेर पडली का?
– शेवटच्या फिल्मला खिशातून किती गेले?

शिक्षकांबद्दलचा प्रश्न नीट समजून घ्या. वेबसाइटवर मोठ्या दिग्दर्शकांचे फोटो असतात. ते वर्षातून एकदा दोन तासांसाठी येतात. त्या दोन तासांनी उत्साह मिळतो, पण शिकायला तोच शिक्षक लागतो जो तुमचा पहिला कट पाहतो, मग दुसरा, मग पाचवा. गेल्या सत्राचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागा. त्यातली नावं आणि वेबसाइटवरची नावं ताडून पाहा. वेळेत बाहेर पडण्याचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांवर गेला तर वसतिगृह, खाणं आणि कर्जाचं व्याज सगळंच वाढतं.

अंतराचाही विचार करा. लोणी काळभोर सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे आहे. सिम्बायोसिसचं पदव्युत्तर माध्यम शिक्षण लवळ्याच्या टेकडीवर आहे. रात्रीचं शूट संपतं तेव्हा पीएमपीची बस सहसा नसते. संस्थेजवळ राहण्याचा खर्च धरूनच तुलना करा. परगावच्या मुलामुलींनी वसतिगृहाच्या गेटची वेळही विचारावी. रात्री दहाला गेट बंद होत असेल तर रात्रीचं शूट कसं करतात, याचं उत्तर आधी मिळवा.

आणि शूटिंगच्या परवानग्या? शनिवारवाडा पुरातत्त्व विभागाकडे, रेल्वे स्टेशन रेल्वेकडे, रस्त्यावरचं शूट पोलिसांकडे. संस्था लेटरहेडवर पत्र देते का, आणि अर्ज करताना कुणी मदत करतं का, ते विचारून ठेवा.

पैसे आणि हक्क

खासगी संस्थांची फी वर्षाला काही लाखांत असते, सरकारी संस्थांची त्यामानाने बरीच कमी. पण तुलना फीची करू नका, एकूण खर्चाची करा: फी, अनामत, वसतिगृह, लॅपटॉप, डिस्क, प्रत्येक फिल्मचा प्रवास-जेवण-कलाकार-कला विभाग, आणि उपकरण मोडलं तर भरपाई. हा शेवटचा नियम लेखी मागा. विमा संस्थेचा आहे, की लेन्स पडली तर सगळ्या गटाने वर्गणी काढायची?

शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, आणि साडेसात लाखांच्या वर बँका मालमत्तेचं तारण मागतात. बँक आधी अभ्यासक्रमाची मान्यता पाहते, म्हणून बिगरमान्यतेच्या अकादमीत फी भरून मग कर्ज शोधायला निघू नका. शिष्यवृत्ती धरून चालला असाल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या यादीत तोच अभ्यासक्रम आणि तीच संस्था आहे का ते पाहा. विद्यापीठ यादीत असलं म्हणजे त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम असतोच असं नाही.

फिल्मचे हक्क बहुतेक ठिकाणी संस्थेकडे राहतात. त्यात गैर काही नाही, पण महोत्सवाला कोण पाठवणार, शुल्क कोण भरणार, आणि स्वतःच्या पोर्टफोलिओत तुम्हाला ती दाखवता येईल का, हे नियमावलीत वाचा.

पुण्यात राहून तयारी

एफटीआयआयमध्ये मुख्य विषयांना एका तुकडीत सुमारे दहा-बाराच जागा असतात. लेखी परीक्षा, मग ओरिएंटेशन आणि मुलाखत. क्लास लावून प्रश्नपत्रिका पाठ करण्याचा उपयोग थोडाच होतो, कारण मुलाखतीत तुम्ही काय पाहता, काय वाचता आणि त्याबद्दल स्वतःच्या शब्दांत काय बोलता ते तपासलं जातं.

त्यासाठी पुण्यासारखं शहर नाही. १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रोडवरच आहे. त्याच्या आणि एफटीआयआयच्या सहकार्याने होणारा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम काही आठवड्यांचा असतो, तो जमेल तेव्हा कराच. आशय फिल्म क्लबचे खेळ आहेत, जानेवारीच्या सुमारास पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाबद्दल वहीत एक पान लिहा. कथा लिहू नका, एक प्रसंग निवडून कॅमेरा कुठे होता आणि आवाज काय सांगत होता ते लिहा. पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठीच्या कॉलेजच्या संघात शिरा. नटाशी कसं बोलायचं, तालमीत प्रसंग कसा बदलतो आणि तीस जणांच्या गटात भांडणं कशी मिटवायची, हे तिथे जितकं शिकता येतं तितकं पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकता येत नाही. एफटीआयआयचे लहान मुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. मोठी फी भरण्याआधी आपल्याला हे काम खरंच आवडतं का, ते त्यातून कमी पैशांत समजतं.

प्रवेश घेतल्यावर मन बदललं तर

खासगी संस्था लवकर प्रवेश देऊन लवकर पैसे भरायला लावतात आणि सरकारी संस्थांचे निकाल मागाहून येतात. अशा वेळी यूजीसीचा २०१८चा फी परताव्याचा नियम हाताशी ठेवा. प्रवेशाच्या अधिकृत शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या ५ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. त्या तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काहीच नाही. काही वर्षी यूजीसीने याहून सवलतीचे वेगळे आदेश काढले आहेत, तेव्हा चालू वर्षाचं परिपत्रक पाहून घ्या. हा नियम यूजीसीच्या कक्षेतल्या संस्थांना लागू आहे. बिगरमान्यतेच्या अकादमीत पावतीमागचा मजकूर हाच तुमचा करार.

प्रवेश रद्द करण्याचा अर्ज ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मूळ प्रमाणपत्रं पडताळणी झाली की लगेच परत घ्या. ती अडकवून ठेवायला याच नियमाने मनाई आहे. कुणी ‘फी भरेपर्यंत इथेच राहू द्या’ म्हणालं, तर लेखी द्यायला सांगा.